देवाने माणसं वेगळ्या खंडांवर ठेवली, म्हणे

फार्मव्हिल हे व्हर्जिनियातलं आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं गाव. आम्ही अॅशबर्नकर, म्हणजे डेटा सेंटरांच्या गराड्यात राहणारी आयटीवाली मंडळी, तिकडे सहसा फिरकत नाही. गेलोच तर फर्निचर बघायला. मी मुलीला घेऊन गेले ती तिथली मोटन शाळा दाखवायला. आता ते म्युझियम आहे.

१९५१ साली ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. बांधली १८० मुलांसाठी, आत कोंबली साडेचारशेच्या आसपास. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केलेल्या. पावसात गळायच्या. शेगडीजवळचं पोर घामाघूम आणि कोपऱ्यातलं पोर कोट घालून कुडकुडतंय अशी तऱ्हा. गोऱ्यांची शाळा अर्थातच पक्की, सगळ्या सोयींची. २३ एप्रिलला बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना खोटा निरोप पाठवून शाळेबाहेर काढलं. तुमची पोरं बस स्टँडवर अडचणीत सापडली आहेत, लगेच या, असा. ते तिकडे पळाले आणि इकडे हिने अख्खी शाळा हॉलमध्ये जमवून संप पुकारला. वकील आले तेव्हा त्यांनी मुलांना सांगितलं, नुसती नवी इमारत मागत असाल तर आम्ही येणार नाही, गोऱ्यांबरोबर एकाच शाळेत बसायचं म्हणत असाल तर येतो. मुलं तयार झाली. ज्या पाच खटल्यांचा मिळून १९५४ चा, शाळांतली वंशविभागणी घटनाबाह्य ठरवणारा तो प्रसिद्ध ब्राउन निकाल लागला, त्यातला एक इथला.

निकाल लागला, पण शाळा काही एकत्र झाल्या नाहीत. १९५९ मध्ये कोर्टाने आता टाळाटाळ पुरे असं बजावलं, तर फार्मव्हिल ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं असेल? सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं. पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली आणि तिच्या फीला सरकारी अनुदानाचा टेकू मिळाला. सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुलं घरी बसली, नाहीतर दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवली गेली. काहींचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. तेव्हाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी जाहीरपणे म्हणाले होते की फुकट सरकारी शिक्षण न देणारी ठिकाणं जगात मोजकी आहेत, कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि आमची प्रिन्स एडवर्ड काउंटी.

हे सगळं करणारी माणसं दर रविवारी नेमाने चर्चला जाणारी होती. आणि ‘वेगळं ठेवणं’ हेच देवाला मंजूर आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. याचा लेखी पुरावाही याच राज्यात सापडतो. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. अशा लग्नाला व्हर्जिनियात कायद्याने बंदी होती. दोघांनी वॉशिंग्टनमध्ये जाऊन लग्न केलं म्हणून १९५८ साली मध्यरात्री शेरीफने त्यांना घरातून उचललं. पंचवीस वर्षं राज्यात एकत्र पाऊल ठेवायचं नाही या अटीवर त्यांची कैद टळली. पुढे हा निकाल फिरवायला नकार देताना न्यायाधीश लिऑन बॅझील यांनी लिहिलं की सर्वशक्तिमान देवाने गोरे, काळे, पिवळे, मलय आणि तांबडे असे वंश निर्माण केले आणि त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं. ज्या अर्थी त्याने ते वेगळे ठेवले, त्या अर्थी त्यांची सरमिसळ व्हावी असा त्याचा हेतू नव्हता. हे १९६५ मधलं कोर्टाचं कागदपत्र आहे, कुठल्या किर्तनातलं वाक्य नव्हे. (गोरेही आपला खंड सोडून इथे आलेच होते, ते कसे आले ते न्यायाधीशसाहेबांना आठवलं नाही. आणि त्या पाचांत आपण नक्की कोणते, हाही प्रश्नच आहे.) १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा रद्द केला.

लिंचबर्गचे पाद्री जेरी फॉलवेल त्याच पठडीतले. १९५८ च्या एका प्रवचनात त्यांनी सांगितलं होतं की सरन्यायाधीश वॉरन यांना देवाचं वचन ठाऊक असतं तर ब्राउन निकाल लागलाच नसता. १९६७ मध्ये त्यांनी ख्रिश्चन शाळा काढली. स्थानिक वर्तमानपत्राने तिचं वर्णन ‘गोऱ्या विद्यार्थ्यांसाठीची खाजगी शाळा’ असं केलं होतं. पुढे त्यांनी ही मतं सोडली, शाळेत कृष्णवर्णीय मुलंही घेतली, ते नोंदवायलाच हवं. पण १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही त्यांची ख्रिस्ती राजकीय संघटना उभी राहिली ती अशा शाळांच्या जाळ्यावर. सत्तरच्या दशकात सरकार म्हणू लागलं की वंशभेद करणाऱ्या खाजगी शाळांना करमाफी नाही, तेव्हा ही मंडळी खवळली. गर्भपाताचा मुद्दा अजेंड्यावर नंतर आला, आधी ठिणगी पडली ती करमाफीवरून, असं या चळवळीच्या शिल्पकारांपैकी एक असलेले पॉल वायरिक यांनीच सांगितलं आहे. इतिहासकारांत यावर वाद आहे. मला वायरिक यांचं म्हणणं पटतं, कारण इतकी गैरसोयीची गोष्ट माणूस स्वतःबद्दल उगाच सांगत नाही.

मुद्दा असा की धर्म, वंश आणि शाळेचा वर्ग ही त्रयी व्हर्जिनियात कधी सुटी नव्हतीच. त्यामुळे ‘अहो, हल्ली शाळेत राजकारण घुसलंय’ असं कुणी म्हणालं की मला कौतुक वाटतं. १९५० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास समिती नेमून इतिहासाची पुस्तकं लिहून घेतली. त्यांत गुलामांचं आयुष्य एकंदरीत सुखाचं होतं आणि मालक-गुलामांत जिव्हाळा होता असं छापलं होतं. ती सत्तरच्या दशकापर्यंत वर्गात होती. म्हणजे आज जे आजी-आजोबा स्कूल बोर्डाच्या माइकसमोर उभे राहून ‘आमच्या वेळी असलं काही शिकवत नव्हते’ म्हणतात, ते खरंच बोलतात. त्यांना शिकवलंच नव्हतं!

आणि एक बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. बार्बराच्या पाठीशी उभा राहिलेला माणूसही चर्चचाच होता. फार्मव्हिलच्या फर्स्ट बॅप्टिस्टचे पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन. तिचे काका व्हर्नन जॉन्स हे माँटगोमेरीच्या ज्या चर्चचे पाद्री होते, तिथे त्यांच्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग आले. संपानंतर धमक्या यायला लागल्या तेव्हा बार्बराला याच काकांकडे पाठवून दिलं होतं. बायबल एकच. त्यातून बॅझीलने खंड काढले आणि ग्रिफिनने शाळा. म्हणून ख्रिस्ती राष्ट्रवादाचा माझा राग ख्रिस्ती धर्मावर निघत नाही. ‘हा देश आमच्या देवाचा, म्हणून त्याच्या गोष्टीत आमचं काही वाईट येता कामा नये’ या हट्टावर निघतो. सदर्न बॅप्टिस्ट ही देशातली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमायचं की नाही यावरून फुटून ती १८४५ मध्ये निघाली. माफी मागायला १९९५ उजाडलं. आणि २०२० च्या नोव्हेंबरात तिच्या सहाही धर्मविद्यालयांच्या प्रमुखांनी क्रिटिकल रेस थिअरी (वंशभेद नुसता माणसांच्या मनात नसतो, कायद्यांत आणि व्यवस्थेत मुरलेला असतो, असं मांडणारा विचार) आपल्या श्रद्धेशी विसंगत आहे असं पत्रक काढलं. त्यावरून काही कृष्णवर्णीय पाद्री संघटना सोडून गेले. घराचा पायाच ज्या वादात घातला गेला, त्या वादाचा अभ्यास करणं श्रद्धेविरुद्ध!

आता आमच्या लाउडन काउंटीकडे येते. क्रिटिकल रेस थिअरी ही मुळात कायद्याच्या कॉलेजांतली भानगड. डेरिक बेल, किंबर्ली क्रेनशॉ वगैरे प्राध्यापकांची, सत्तर-ऐंशीच्या दशकातली. चौथीच्या पोराला ती कोण शिकवणार? पण २०२० च्या सप्टेंबरात क्रिस्टोफर रुफो हे उजवे कार्यकर्ते तिच्याविरुद्ध बोलायला टीव्हीवर झळकले आणि त्याच महिन्यात सरकारी प्रशिक्षणांतून असले विषय काढण्याचा ट्रम्प यांचा आदेश निघाला. पुढच्या मार्चमध्ये रुफो यांनी उघडच लिहिलं की लोकांनी पेपरात काहीही विचित्र वाचलं की त्यांच्या डोक्यात हेच नाव यावं, हा आपला उद्देश आहे. तो पुरता सफल झाला. २२ जून २०२१ ला आमच्या स्कूल बोर्डाच्या सभेत, वंशाचा विषय आणि ट्रान्सजेंडर मुलांचं धोरण अशा दोन्हींवरून इतका गोंधळ झाला की सभा बेकायदा ठरवून पोलिसांना खोली रिकामी करावी लागली. नोव्हेंबरात ग्लेन यंगकिन गव्हर्नर म्हणून निवडून आले. प्रचाराचं घोषवाक्य होतं, पालकांना महत्त्व आहे. शपथ घेतल्या दिवशी, १५ जानेवारी २०२२ ला, त्यांचा पहिला आदेश निघाला तो शाळांतून ‘मुळातच फूट पाडणाऱ्या संकल्पना’ हद्दपार करण्याचा.

पालकांना महत्त्व आहे हे मलाही मान्य आहे. म्हणूनच लीझबर्गच्या डग्लस हायस्कूलची गोष्ट सांगते. लाउडनमधल्या कृष्णवर्णीय मुलांना धड हायस्कूल नव्हतं. काउंटी बांधेना. तेव्हा पालकांनी वर्गणी काढून १९३९ मध्ये चार हजार डॉलरला आठ एकर जमीन विकत घेतली आणि ती काउंटीला एक डॉलरमध्ये दिली, की घ्या बाबा, आता तरी बांधा. १९४१ मध्ये शाळा उघडली. पुढची सामानसुमानाची बरीच जुळवाजुळवही पालकांनीच केली. १९६८ पर्यंत काउंटीतल्या कृष्णवर्णीयांचं तेच एकमेव हायस्कूल होतं. म्हणजे ब्राउन निकालानंतर चौदा वर्षं. स्कूल बोर्डाने याबद्दल माफी मागितली ती २०२० च्या सप्टेंबरात, आणि वर्षभराच्या आत त्याच बोर्डासमोर लोक ओरडत होते की आमच्या मुलांना जुन्या गोष्टी उकरून त्रास देऊ नका. कुठल्या पालकांना महत्त्व आहे, हे त्या डॉलरच्या कागदाला विचारावं.

आपली मराठी मंडळी या गोंधळात कुठे होती? बरीचशी यंगकिन यांच्या बाजूला, निदान मनातून. त्याचं कारण बाहेरच्यांना कळत नाही. ते कारण म्हणजे टीजे. शेजारच्या फेअरफॅक्समधलं थॉमस जेफरसन हायस्कूल, देशातल्या नंबर एकच्या सरकारी शाळांपैकी. आमच्या लाउडनची मुलंही तिथे जातात. पाचवी-सहावीपासून क्लास लावून त्याची परीक्षा द्यायची, हा इथल्या भारतीय घरांतला कुळाचार होता. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रवेश परीक्षाच रद्द झाली आणि पहिल्याच वर्षी प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आलं. पालक कोर्टात गेले, अपिलात हरले, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. ज्या मुलाने दोन-तीन वर्षं खेळ सोडून अभ्यास केला त्याच्या आईचा संताप मी जवळून पाहिला आहे, आणि तो खोटा नव्हता. त्यात भर म्हणून २०२० च्या जुलैत वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाने एक तक्ता वेबसाइटवर टाकला. त्यात कष्ट करणं, वेळ पाळणं या गोष्टी ‘गोऱ्या संस्कृती’च्या खात्यात लिहिल्या होत्या. आरडाओरडा झाल्यावर काढला. आमच्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम बघता वेळेबाबत त्यांचं अगदीच चुकलं होतं असं म्हणवत नाही, पण तो तक्ता मूर्खपणाचा होता यात वाद नाही.

पण टीजेचा राग इतिहासाच्या धड्यावर काढायचा, हे कुठलं गणित? आणि तो काढताना आवाज खाली करून ‘ते लोक’ म्हणायचं, ‘त्यांना नुसतं रडायला हवं’ म्हणायचं. आपण इथे आलो कसे? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. तो कायदा ज्या वाऱ्यावर झाला तो वारा फार्मव्हिल, माँटगोमेरी, सेल्मा इथल्या पोरांनी, बायांनी, पाद्रींनी मार खाऊन तयार केला होता. त्याआधी आपली जागा कुठे होती ते १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड खटल्यात दाखवून दिलं होतं. थिंड पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना मिळायचं (आणि आफ्रिकन वंशाच्यांना). मग त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की आम्ही उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे. लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूलनिवासींकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. म्हणजे गोऱ्यांच्या पंगतीत पाट मिळावा म्हणून आपण आपली अस्पृश्यता पुरावा म्हणून सादर केली! कोर्टाने एकमताने नाही म्हटलं. सामान्य माणूस यांना गोरं समजत नाही, विषय संपला. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही काढून घेतलं गेलं. शंभर वर्षं होऊन गेली, पण तोच पाट मागायची हौस अजून फिटलेली नाही.

आणि पाट मिळत नाहीच. टेक्सासच्या शुगर लँडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये हनुमानाची नव्वद फुटी मूर्ती उभी राहिली. वर्षभराने तिथल्या एका रिपब्लिकन उमेदवाराने लिहिलं, खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती टेक्सासमध्ये का उभी राहू देतोय आपण, आपला देश ख्रिस्ती आहे. त्या वेळी आमचे ‘गिल्ट शिकवू नका’वाले फार दुखावले. मला व्हर्जिनियाचाच एक जुना कायदा आठवला. धर्मस्वातंत्र्याचा, १७८६ चा, मसुदा जेफरसनचा. जेफरसनने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय की तो मंजूर करताना येशूचं नाव घालायची सूचना आली होती ती फेटाळली गेली, कारण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक अशा सगळ्यांना त्याचं छत्र मिळावं हा हेतू होता. हिंदूचा स्पष्ट उल्लेख आहे, त्या काळात! आणि याच जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. ही दोन्ही वाक्यं एकाच तासाला शिकवली तरच मुलांना जेफरसन कळेल. यातलं एक वगळा म्हणणाऱ्यांच्या हातात खडू गेला की दुसरं वाक्यही फार दिवस टिकत नाही.

आता जरा आपल्याच पायाखाली बघू. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांवरून वाद झाला. हिंदू संघटनांनी दुरुस्त्या सुचवल्या, त्यांत जातीबद्दलचा मजकूर सौम्य करा, हीही मागणी होती. २०१६ मध्ये तेच पुन्हा. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, तेव्हा सिएटलच्या नगरसेविका असलेल्या क्षमा सावंत यांनी त्या शहरात जातीय भेदभावावर बंदी आणली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तशीच बंदी घालणारं एसबी ४०३ विधेयक मंजूर होऊन गव्हर्नर न्यूसम यांच्या टेबलावर गेलं आणि ऑक्टोबरात त्यांनी नकाराधिकार वापरला. आमच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज. आणि युक्तिवाद कोणते? ‘मुलांना लाज वाटेल.’ ‘आम्ही थोडंच केलंय, पूर्वजांनी केलं असेल.’ ‘समाजात फूट पडेल.’ नावं झाकून वाचले तर हे लाउडनच्या माइकवरचे आहेत की आमच्या ग्रुपवरचे, ओळखता येणार नाही.

एक फरक आहे आणि तो मी मानते. इथे आपण मूठभर आहोत. वर्गात तीस मुलांत एक हिंदू पोर, आणि धड्यात हिंदू धर्म म्हणजे जातीचा पिरॅमिड, सती आणि गाय एवढंच असेल तर मधल्या सुट्टीत त्या पोराचं काय होतं ते मला माहीत आहे. धडा वाईट असेल तर भांडून सुधारून घ्यावा. चोखोबा, जनाबाई, जोतिराव, बाबासाहेब त्यात आणावेत, म्हणजे जात मोडायला निघालेली माणसंही त्याच मातीतली होती हे त्या पोराला सांगता येईल. पण दुरुस्तीच्या नावाखाली जातच पुसायची, तर वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या पोराचं काय, ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर येऊ दिलं नव्हतं? तेही आपल्याच मंडळात गणपतीला येतं. आडनाव सांगताना त्याचे बाबा किंचित थांबतात, हे कुणाच्या लक्षात आलंय?

जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या लोकांना, निग्रोंची गुलामी मोडायला झटले म्हणून. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा म्हणून. अमेरिकेतल्या मराठी माणसाला याहून थेट पत्र कुणी लिहिलेलं नाही. पत्ता इथला आहे. दीडशे वर्षं होऊन गेली आणि आमच्याकडे ते फोडायलाही कुणाला वेळ नाही.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत पावनखिंड आहे, पंढरीची वारी आहे, सावित्रीबाईही आहेत. मुलींना शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण टाकायचे, ही गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ. पण शेण टाकणारे कोण होते? आमच्या वहीत लिहिलंय, ‘काही लोक’. यंदा तो वर्ग माझ्याकडे आहे. मी ते ‘काही लोक’ खोडून ते कोण होते ते सांगणार आहे. त्या शाळेला स्वतःचा वाडा देणारे तात्यासाहेब भिडेही त्याच जातीचे होते, हेही सांगणार आहे. दोन्ही एकाच तासाला. ज्यांना आपल्या मुलांना त्या रविवारी पाठवायचं नसेल त्यांनी आधी कळवा, खाऊचा अंदाज घ्यायला बरं पडेल.